उलटी तबकडी

शारजात, रोल्यातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून
एवढंच दिसतं: समोरची गच्ची, पाण्याच्या टाक्या,
आणि टीव्हीच्या छप्पन्न तबकड्या,
सगळ्या पूर्वेकडं तोंड करून,
पंगतीत वाढप्याची वाट बघत बसल्यासारख्या.
एकच तेवढी पश्चिमेकडं.
शमाल सुटला होता त्या रात्री फिरली ती.

ती मी वाकळीत घेतली.
अर्धगोल कापले कुंजुमोन टेलरच्या चिंध्यांतून,
अबायाचं काळं, जे चार तऱ्हेचं काळं असतं,
कंदुऱ्याचं पांढरं,
आणि मोतालिब पेंटरनं टाकून दिलेल्या डांगरीचं निळं.
रंगाचे थेंब तीन धुण्यांत गेले नाहीत,
म्हणून त्यांना मधोमध जागा दिली.
सात ओळी, ओळीत आठ.
सहाव्या ओळीतली तिसरी उलटी.
समोर नमुन्याचं पुस्तक नव्हतं,
पेंढारकरबाईंच्या वर्गातला कागदही नव्हता,
ज्याच्या झेरॉक्सवर लिहिलेलं असतं
‘झेरॉक्स काढू नये’.

मार्चात मंडळाच्या प्रदर्शनात टांगली.
लोक फोटो काढत होते
आणि मी शेजारी उभी, प्रत्येक फोटोत हसत.

ऑगस्टात देऱ्याच्या घाऊक बाजारात
प्लास्टिकच्या पिशवीतून तीच माझ्याकडं बघत होती.
डबल बेड, दोन अभ्रे फुकट, पंचेचाळीस दिरहम.
टाकेसुद्धा छापलेले.
मोतालिबचे थेंबसुद्धा,
कुठल्याशा शाळेच्या भिंतीवरून उडालेले,
आता प्रत्येक चादरीवर त्याच जागी.
मी बोटानं मोजत गेले.
सहाव्या ओळीतली तिसरी
त्यांनी सरळ केली होती.

सर्जेराव गलाईवाले. त्यांचा जन्म भट्टीपुढं गेला.
म्हणाले, मुशीत पाटल्या पडतात, कुणाची नथ पडते,
पातळ झाल्यावर नक्षी कुणाची विचारायचं नसतं,
वजन विचारायचं.
मी म्हटलं, माझी अजून पातळ झाली नाही.
ते जेवायला बसले.
मी अर्ज उघडला.

नाव. राष्ट्रीयत्व. कृतीचा प्रकार.
मग एक रकाना:
ही कृती सर्वस्वी आपलीच आहे काय?

धावदोरा शेवंताआत्याचा. तिला तो सासूनं दिला,
शिव्या देत दिला, असं ती सांगायची.
कड दुमडायची रीत आमच्या विट्याकडच्या
कुठल्याही बाईला विचारा, तीच.
कापड टेलरचं, थेंब मोतालिबचे,
आणि तबकडी तर वाऱ्यानं फिरवलेली.
मग यात मी कुठं?

ती एक लावताना हात थांबला होता.
सरळ लाव, मन म्हणालं, बायका म्हणतील चुकली.
सुई तोंडात धरून बराच वेळ बसले.
कुकर तीनदा ओरडला.
मग लावली उलटीच.
ते थांबणं माझं.
रकाना अर्ध्या बोटाचा. त्यात ते मावेना,
म्हणून नुसतं ‘होय’ लिहिलं.

परवा शुक्रवारी समोरच्या गच्चीवर
बनियन घातलेला एक पोरगा पाना घेऊन चढला.
तबकडी जराजरा वळवत
खाली ओरडून विचारायचा, आलं का?
खालून, नाही.
आलं का?
नाही.
मग एकदम खालून टाळ्या, कसलीशी मॅच लागली असणार.
आता छप्पन्नच्या छप्पन्न पूर्वेकडं.
आता खिडकीतून बघणारा म्हणेल
चादरवालाच खरा, बाईचं चुकलंय.

अर्जासोबत मूळ वस्तूचा फोटो मागितलाय.
वाकळ दिवाणावर पसरली,
सहावी ओळ उजेडात आणली,
आणि आधी उठून
खिडकीचा पडदा ओढून घेतला.